दाबलं की दाबलेलं आहे? : जॉयस्टिकच्या बटणाचा इतिहास आणि बिघाड शोधण्याची रीत



आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, जॉयस्टिकच्या बटणाला कसला आलाय इतिहास? आहे, आणि चांगला साठ वर्षांचा आहे. तो माहीत असला तर आज शाळेत मुलांना जो त्रास होतो, त्यातला बराचसा अर्ध्या तासात सुटतो. म्हणून आपण आज इतिहास सांगणार आहोत, पण कामासाठी.

आधी त्रास काय ते बघू. मुलं संगणकावर ठोकळे जोडून प्रोग्राम करतात. ओळी टाइप करायच्या नाहीत. रंगीत ब्लॉक एकमेकांत बसवायचे. याला आपण चित्ररूप प्रोग्रामिंग म्हणू. खेळ तयार होतो, जॉयस्टिक जोडली जाते, आणि मग तक्रारी सुरू होतात. एकदा बटण दाबलं तर तीन गोळ्या सुटतात. कधी दाबूनही एकही सुटत नाही. कधी हात न लावता बटण आपोआप दाबल्यासारखं वागतं. कधी एक नंबरचं बटण दाबावं तर दोन नंबरचं काम होतं.

यात पणाला काय लागलंय? नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅब मिळू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. देशभरात अशा लॅबची संख्या १०,००० वर गेली, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० लॅब करायचं जाहीर झालं. साहित्य गावापर्यंत येतंय, येणार आहे. पण बटण चाललं नाही की दोनच निष्कर्ष निघतात : "किट खराब आहे" किंवा "मला हे जमत नाही". पहिल्या निष्कर्षाने किट कपाटात जातं. दुसऱ्याने मूल बाजूला होतं. आणि पुष्कळदा दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. बटणही ठीक असतं आणि मूलही. बिघाड असतो तो दोघांच्या मधल्या बोलण्यात.

हे बोलणं समजायला आपली मराठीच कामाला येते. "बटण दाबलं" आणि "बटण दाबलेलं आहे" ही दोन वाक्यं बघा. पहिलं वाक्य घटना सांगतं. ती एका क्षणी घडली आणि संपली. दुसरं स्थिती सांगतं. ती जोपर्यंत आहे तोपर्यंत आहे. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. तार आणि जोडणी शाबूत असेल, तर जॉयस्टिकच्या बटणाच्या बहुतेक तक्रारी या दोन वाक्यांची गल्लत झाल्याने येतात.

शेतकऱ्याच्या हाताला हा फरक आधीच माहीत आहे. धानाला पाणी द्यायला मोटर लावतो तेव्हा स्टार्टरचं हिरवं बटण आपण क्षणभर दाबतो आणि बोट काढून घेतो. बोट निघालं तरी मोटर चालू राहते. का? आत कॉन्टॅक्टर असतो. त्याच्या कॉइलला करंट मिळाला की तो ओढला जातो, आणि मग स्वतःच्याच एका जादा संपर्कातून तो कॉइलला करंट देत राहतो. म्हणजे बोटाने दिली ती घटना, आणि कॉन्टॅक्टरने धरून ठेवली ती स्थिती. लाइन गेली की ती पकड सुटते, म्हणून लाइन आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. आणि म्हणूनच लोक ऑटो स्विच बसवतात. घटनेची स्थिती करायला तिथे एक वेगळा भाग लागला. हे ध्यानात ठेवा, कारण संगणकात बहुतेक वेळा उलटं काम करावं लागतं : स्थितीतून घटना काढावी लागते.

आता इतिहासाकडे येऊ. जॉयस्टिक हा शब्द विमानातून आला. वैमानिकाच्या हातातली दांडी ती जॉयस्टिक. संगणकाच्या खेळात हातात धरायचं साधन आलं ते १९६२ च्या सुमारास, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. तिथे पीडीपी-१ नावाच्या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. दोन अंतराळयानं, दोन खेळाडू. सुरुवातीला खेळाडू थेट यंत्राच्या पुढच्या फळीवरचे स्विच वापरत. त्यात कोपरं दुखत, आणि एका खेळाडूला पडदा जास्त नीट दिसे. म्हणून ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हाताशी मिळालेल्या सामानातून वेगळ्या पेट्या बनवल्या. वळायला आणि वेग घ्यायला दांडे, आणि गोळा सोडायला बटण. हे बटण मुद्दाम आवाज न करणारं ठेवलं होतं, कारण 'टक' ऐकू आलं तर समोरच्याला कळणार की आपण गोळा सोडला. बघा, बटण कसं वागावं हा विचार पहिल्या दिवसापासून खेळाचा भाग होता.

पुढचा टप्पा १९७७. अटारी कंपनीचा घरी टीव्हीला जोडायचा खेळ बाजारात आला. त्याची जॉयस्टिक उघडली तर आत फक्त पाच स्विच. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार, आणि एक गोळीबाराचं बटण. नऊ पिनांचा जोड. स्विच दाबला की त्याची तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकते. याचा अर्थ काय? बटण मोकळं असताना तारेवर दाब असतो, तो १ वाचला जातो. बटण दाबलं की दाब शून्यावर येतो, म्हणजे ० वाचला जातो. आपल्याला वाटतं दाबलं म्हणजे १. तारेचं म्हणणं उलटं.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याला वेगळं गेम कार्ड बसवता येत होतं. त्यावर दोन जॉयस्टिक आणि एकूण चार बटणं. तिथेही तसंच : बटण मोकळं असेल तर १, दाबलेलं असेल तर ०. त्या काळात प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे उलटंपण स्वतः लक्षात ठेवावं लागे.

आता आपल्या देशात या. १९८४ मध्ये भारत सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या होत्या आणि तिथे ब्रिटनचा बीबीसी मायक्रो हा संगणक दिला गेला. या संगणकाला जॉयस्टिकसाठी पंधरा पिनांचा जोड होता. त्याच्या बेसिक भाषेत 'ॲडव्हॅल' नावाची एक सोय होती. तिला विचारलं की ती बटणांचा आकडा द्यायची. कुठलंच बटण दाबलेलं नाही तर ०, पहिलं दाबलेलं असेल तर १, दुसरं असेल तर २, दोन्ही असतील तर ३. म्हणजे इथे तारेचं उलटं म्हणणं संगणकाने आतल्या आत सुलटं केलं. शिकणाऱ्याची एक अडचण कमी झाली. पण उत्तर होतं ते स्थितीचंच. "आत्ता या क्षणी दाबलेलं आहे का?" एवढंच.

इथे एक गोष्ट पुसून टाकू नका. १९७७ चं ते उलटंपण आजही आपल्या किटमध्ये जिवंत आहे. अर्डुइनोला जोडायचं जे लहान जॉयस्टिक मॉड्यूल मिळतं, त्याला पाच पिना असतात. ग्राउंड, पाच व्होल्ट, आडव्या हालचालीची, उभ्या हालचालीची, आणि 'एसडब्ल्यू' लिहिलेली बटणाची. हालचालीच्या दोन पिनांमागे पोटेन्शिओमीटर आहेत. दांडी मधोमध असली की ० ते १०२३ मधला सुमारे ५१२ आकडा येतो. बटणामागे मात्र साधा स्विच आहे आणि तो दाबल्यावर ग्राउंडला टेकतो. मोकळा असताना तो कुठेच टेकलेला नसतो. मग तार लोंबकळते, आणि लोंबकळणारी तार कधी ० म्हणते, कधी १. हात न लावता बटण दाबल्यासारखं वागतं ते यामुळे. उपाय : त्या पिनेला प्रोग्राममधून 'पुल-अप' द्यायचा, म्हणजे मोकळी असताना ती १ वर धरलेली राहते. आणि मग दाबल्यावर ० येणार हे धरून चालायचं. भुताटकी नाही, अटारीच्या काळापासूनची रीत आहे.

आता तीन गोळ्यांकडे वळू. इथे दोन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि ती वेगळी काढता आली पाहिजेत.

पहिलं कारण धातूचं. लोखंडी फाटक जोरात लोटलं की ते चौकटीवर आदळून थडथडतं, मग स्थिर होतं. स्विचमधल्या पट्ट्याही तशाच थडथडतात, काही मिलिसेकंद. आपल्या बोटाला एकदाच दाबल्यासारखं वाटतं, पण तारेवर चालू-बंद-चालू-बंद असं होऊन जातं. इंग्रजीत याला 'बाउन्स' म्हणतात. अर्डुइनो सेकंदाला हजारो वेळा पिन वाचू शकतो, म्हणून त्याला ही प्रत्येक थडथड दिसते. उपाय सोपा : पहिला बदल दिसला की दहा-वीस मिलिसेकंद थांबायचं आणि पुन्हा वाचायचं.

दुसरं कारण भाषेचं. स्क्रॅच हे एमआयटीचंच वातावरण, लोकांसाठी २००७ मध्ये खुलं झालं. ते पडद्यावरचं चित्र साधारण सेकंदाला ३० वेळा हलवतं. 'सतत करा' या ब्लॉकमध्ये "जर बटण दाबलेलं आहे, तर गोळी सोड" असं लिहिलं, तर हा प्रश्न सेकंदाला ३० वेळा विचारला जातो. आपलं बोट बटणावर सेकंदाचा दहावा भाग जरी राहिलं, तरी तेवढ्यात प्रश्न तीनदा विचारून होतो. तीनदा "हो". तीन गोळ्या! बटण खराब नाही. आपण स्थिती विचारली आणि घटना समजलो. थडथड काही मिलिसेकंदांची, आणि इथे दोन प्रश्नांत तेहतीस मिलिसेकंदांचं अंतर. म्हणून स्क्रॅचमध्ये तीन गोळ्या सुटल्या तर आधी दुसरं कारण तपासा.

याचा उपाय असा. एक व्हेरिएबल करा, नाव ठेवा 'मघाशी'. दर फेरीला बघा : आत्ता दाबलेलं आहे, आणि मघाशी दाबलेलं नव्हतं? तर आणि तरच गोळी सोडा. फेरीच्या शेवटी आत्ताची स्थिती 'मघाशी'मध्ये ठेवा. बस. स्थितीतून घटना निघाली. स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर जे काम करतो, त्याच्या बरोबर उलट काम या एका व्हेरिएबलने केलं.

ही अडचण फक्त शाळकरी मुलांची आहे असं समजू नका. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने 'लॅबव्ह्यू' आणलं, आधी मॅकिंटॉश संगणकावर. जेफ कोडोस्की आणि जेम्स ट्रुचर्ड ही त्यामागची मुख्य नावं. इथे ओळींऐवजी चौकटी मांडायच्या आणि त्या तारांनी जोडायच्या. इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि कारखान्यांच्या चाचणी विभागांत ते खूप वापरलं गेलं. लॅबव्ह्यूमध्ये पडद्यावरच्या बटणाने कसं वागावं याचे सहा प्रकार दिलेले आहेत. तीन 'स्विच' जातीचे, तीन 'लॅच' जातीचे. स्विच म्हणजे स्थिती. लॅच म्हणजे दारात ठेवलेला निरोप : कोणी वाचेपर्यंत राहतो, एकदा वाचला की निघून जातो. एका साध्या बटणाला सहा प्रकार द्यावे लागले, यावरूनच समजा की प्रश्न किती खरा आहे.

पण गंमत पुढे आहे. हे सहाही प्रकार पडद्यावर माउसने दाबायच्या बटणांसाठी. खरी जॉयस्टिक जोडली की लॅबव्ह्यू ती वेगळ्या ब्लॉकने वाचतं आणि तो ब्लॉक प्रत्येक बटणाची फक्त स्थिती देतो. लॅचची सोय तिथे नाही. पडद्यावरचं बटण नीट चालतं, हातातलं चालत नाही, म्हणून माणूस जॉयस्टिकला दोष देतो. तिथेही उपाय तोच, 'मघाशी'. लॅबव्ह्यूत त्याला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. आणखी एक खाच : जॉयस्टिक वाचायचा ब्लॉक आणि घटनेची वाट पाहणारी चौकट एकाच फेरीत ठेवली, आणि त्या चौकटीला वेळेची मर्यादा दिली नाही, तर पडद्यावर काही घडेपर्यंत फेरी तिथेच अडून बसते. जॉयस्टिक वाचलीच जात नाही. स्क्रॅचमध्ये याचाच भाऊ म्हणजे फेरीच्या आत टाकलेला 'एक सेकंद थांबा' ब्लॉक. प्रोग्राम झोपलेला असताना बोट येऊन जातं. दाबूनही गोळी सुटत नाही ती अशी.

आता नंबरांचा घोळ. १९९६ मध्ये यूएसबी आलं. तेव्हापासून जॉयस्टिक स्वतःच संगणकाला सांगते की माझ्याकडे इतकी बटणं आणि इतके अक्ष आहेत. यूएसबीच्या नियमात बटणांची गणती १ पासून. पण प्रोग्राममधली यादी बहुतेक वेळा ० पासून मोजली जाते. म्हणून विंडोजच्या चाचणी खिडकीत जे १ नंबरचं बटण, ते ब्राउझरमधल्या यादीत ० नंबरचं. एकचा फरक दिसला की बिघाड शोधत बसू नका, मोजणी तपासा. विंडोजमध्येही वाचायच्या दोन पद्धती झाल्या : जुनी डायरेक्टइनपुट आणि २००५ च्या एक्सबॉक्स ३६० बरोबर आलेली एक्सइनपुट. त्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचे दोन ट्रिगर जुन्या पद्धतीने वाचले तर एकाच अक्षावर येतात, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. दोन्ही एकदम दाबले तर एकमेकांना खोडतात. कंट्रोलर चांगला आहे, वाचायची पद्धत बदला.

आज बरीच चित्ररूप वातावरणं ब्राउझरमध्ये चालतात. तिथे एक नियम आहे : जॉयस्टिक जोडली तरी तिचं एखादं बटण दाबेपर्यंत पानाला ती दिसत नाही. खासगीपणासाठी हे मुद्दाम केलेलं आहे. "जोडली पण सापडत नाही" असं झालं तर आधी एक बटण दाबा. आणि ब्राउझरही बटणाची स्थितीच देतो. "दाबलं" ही घटना आपल्यालाच काढावी लागते. स्क्रॅचच्या मूळ ब्लॉकांत तर जॉयस्टिक नाहीच. बटणाला कीबोर्डची एखादी कळ नेमून देणारा प्रोग्राम लागतो किंवा वेगळी जोडणी लागते. कळ नेमली आणि "कळ दाबली की" हा ब्लॉक वापरला, तरी सावध राहा. कळ धरून ठेवली तर संगणक तीच कळ पुन्हा पुन्हा पाठवतो.

स्क्रॅचचा स्वतःचा प्रवास हेच शिकवतो. सुरुवातीच्या काळात त्याला पिकोबोर्ड नावाची छोटी पाटी जोडता येई. तिच्यावर एक बटण होतं आणि त्यासाठीचा ब्लॉक विचारत असे, "बटण दाबलेलं आहे?" फक्त स्थिती. २०१९ च्या जानेवारीत स्क्रॅच ३ आलं, त्यात मायक्रोबिटची जोडणी आली, आणि तिथे दोन्ही ब्लॉक दिले : "बटण दाबलं की" आणि "बटण दाबलेलं आहे?". आपल्या भाषेत जी दोन वाक्यं पहिल्यापासून वेगळी आहेत, ती आता दोन वेगळ्या आकाराचे ठोकळे म्हणून मुलाच्या हातात आहेत.

तर शिक्षकहो आणि मुलांनो, बटण चाललं नाही की खालून वर जा. आधी तार आणि पिन. मग प्रोग्राम बाजूला ठेवून फक्त आकडा बघा : विंडोजमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' चालवून उघडणाऱ्या खिडकीत बटणाचा दिवा लागतो का, किंवा अर्डुइनोत ० आणि १ बदलतात का. दिवा लागला की जॉयस्टिक निर्दोष सुटली. मग उलटंसुलटं तपासा, दाबल्यावर ० की १. मग मोजणी, ० पासून की १ पासून. मग फेरी कुठे झोपते आहे का. आणि शेवटी विचारा : मला दाबलं हवंय की दाबलेलं आहे हवंय? यान पुढे ढकलत राहायचं असेल तर स्थिती हवी. गोळी सोडायची असेल तर घटना हवी. एकाच खेळात दोन्ही लागतात.

एक विनंती. शाळेत किटसोबत एक वही ठेवा. तक्रार काय होती, कुठल्या पायरीवर सापडली, एवढंच लिहा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तीच पहिली मदत होईल, आणि "खराब" म्हणून कपाटात जाणारी किती किट खरोखर खराब होती, तेही शाळेला कळेल.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.